मागचा माणूस

बसा क्रेनबाई, इथेच पायरीवर बसा. आत जाऊ या, पण लगेच नको. कुंडी त्या कोपऱ्यात ठेवा आणि ती पाटी माझ्याकडे द्या. काय पण भेट शोधून काढली तुमच्या लोकांनी. जुन्या बोगद्यातलं पिवळं बटण, लाकडी पाटीवर बसवलेलं. दाबा ना, काही होत नाही आता. तीस वर्षं मी त्याला दाबलं, आधी ते सुटलं, आज मी.

मी दार उघडलं, आत तोंड घालून काहीतरी बोललो आणि दार परत ओढून कुलूप लावलं. म्हातारा निरोपाच्या दिवशीच चळला, असं तुमच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतंय. चळलेलो नाही. सांगतो सगळं. सोमवारपासून फेरी तुमच्याकडे येणार, तेव्हा तुम्हाला हे कळायलाच हवं. मला लांबण लावायची सवय आहे. कंटाळा आला तर सांगा. मी थांबणार नाही, पण सांगा.

तुम्ही बारा वर्षं वरून क्रेन चालवलीत. नवे चुंबक तुम्हीच खाली सोडलेत, एकेक हत्तीएवढा. पण खालचं जग तुम्हाला ऐकूनच माहीत. बोगदा गोल आहे, आठशे मीटरचा, त्याचे दहा टप्पे. नळीतून बीम, म्हणजे कणांचा झोत, फिरू लागला की आत किरणोत्सर्ग होतो, माणूस राहता कामा नये. राहिला तर तो वाचत नाही. म्हणून मशीन सुरू करायच्या आधी कोणीतरी पायी सगळा बोगदा फिरून यायचं आणि सही करायची, की आत कोणी नाही. तो कोणीतरी म्हणजे मी.

पूर्वी फेरीला दोघं लागायचे. पुढचा माणूस चुंबकांच्या मागे, खाली, केबलच्या चरात वाकून वाकून बघत जायचा. मागचा माणूस प्रत्येक टप्प्याचं जाळीचं दार लावत यायचा, म्हणजे तपासलेल्या भागात कोणी परत घुसायला नको. टप्प्याच्या शेवटी पिवळं बटण. ते दाबण्याआधी मोठ्याने विचारायचं, 'कोणी आहे का?' मग दहा आकडे मोजायचे आणि ऐकायचं. काही ऐकू आलं नाही तरच बटण. पुढचं बटण सहा मिनिटांच्या आत दाबायला हवं, नाहीतर सगळी फेरी पहिल्यापासून. एवढंच काम. वाचायला पाच ओळी आहेत, करायला अख्खं आयुष्य गेलं.

माझ्या मागे एकोणीस वर्षं खर्ज्या होता. आवाज पोटातून यायचा, खर्जातला, म्हणून खर्ज्या. घसा जपायला तोंडात कायम लवंग. गाणं-बिणं काही नाही हो, नुसताच जपायचा. मी पुढून ओरडायचो, 'कोणी आहे का?' आणि हा मागून, अंधारातून, शांतपणे म्हणायचा, 'कोणी नाही रे.'

ही आमची चूक होती. नियमाप्रमाणे तिथे शांतताच हवी. सुरक्षेच्या साहेबांनी एकदा पकडलं आणि दोघांना उभं करून झाडलं. म्हणाले, तुमच्या या चावटपणात एखादं खरं उत्तर आलं, तर ते कोणाला ऐकू येणार? आम्ही मान खाली घालून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठशे मीटर अंधारात रोज 'कोणी आहे का' विचारायचं आणि काहीच उत्तर येऊ नये, हे सहन होत नाही हो. तुम्हालाही नाही होणार. खर्ज्या म्हणायचा, 'साहेबांना काय कळतंय. मी आहे ना मागे. ज्या दिवशी मी बोललो नाही, त्या दिवशी समज, कोणीतरी आहे. बटण दाबू नकोस, परत येऊन बघ.'

मी विचारलं, 'कोण असणार?'

'मीच असेन. पाय अडकून पडलेला.' आणि ढगासारखा गडगडाट करून हसायचा.

नऊ वर्षांपूर्वी माझी बायको गेली. सगळं आटोपून घरी आलो तेव्हा खर्ज्या सोबत होता. याच दारात. मी कुलूप काढलं, आत अंधार होता, आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, 'कोणी आहे का?' तेवढ्यात मागून हा म्हणाला, 'कोणी नाही रे. मी आहे ना, चल.' आणि मला ढकलतच आत घेऊन गेला. त्यानंतर रोज संध्याकाळी तो इथेच असायचा. त्याचंही दुसरं कोणी नव्हतं.

आत काही वाजलं का आत्ता? नाही... फ्रिज असेल. त्याची घरघर अशीच सुरू होते.

मग मशीन बंद केलं आणि बोगद्याचं नवं काम निघालं. तीन वर्षांचं. जुने चुंबक बाहेर, नवे आत, नवी नळी, नव्या केबल. नवी दारंही आली, आपोआप बंद होणारी. कागद निघाला की यापुढे फेरी एकच माणूस करेल, मागचा माणूस नको. खर्ज्याला भांडारात बसवलं. त्याने तो कागद माझ्यासमोर धरला, आणि मी काय म्हणालो? 'बरं झालं, तुझे गुडघे सुटले.' चेष्टेतच म्हणालो. तो कागदाची घडी घालून म्हणाला, 'म्हणजे मी काय, दार होतो होय?' आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रुसलाय, म्हटलं, येईल भूक लागली की. मीही ताठलो. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी दार फोडलं. स्वयंपाकघरात पडला होता. डॉक्टर म्हणाले, लगेच गेलेला नाही, दिवसभर तरी होता. म्हणजे त्याने हाका मारल्या असतील, क्रेनबाई. एवढा मोठा आवाज त्याचा. आणि मी इथे, दोन गल्ल्या पलीकडे, रुसून बसलो होतो. याचं मला काय वाटतं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी स्वतःला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी या दारात काहीही विचारलं नाही. गुपचूप आत यायचो, दिवा लावायचो.

फेऱ्यांची गरजही नव्हती तेव्हा. बोगदा माणसांनी भरलेला. वेल्डर, रंगारी, केबल ओढणारे, मोजमापवाले. आत जाताना फळ्यावरची एक किल्ली खिशात घ्यायची आणि बाहेर आल्यावर परत अडकवायची, हा नियम तेव्हाही होताच. एकही किल्ली कमी असली तर मशीन सुरू होत नाही. पण मशीनच सुटं पडलेलं, मग कोण किल्ल्या मोजतंय? एका किल्लीवर दोघं-तिघं आत जायचे. एकाने दार उघडायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या पाठोपाठ घुसायचं. तुम्हीही घुसला असाल. असू दे, मीही घुसलोय.

काम संपत आलं तेव्हा सरावाच्या फेऱ्या सुरू झाल्या. दुपारची वेळ, वर लख्ख ऊन असायचं. पण खाली उतरलं की दुपार-बिपार काही नाही. फेरीच्या वेळी अर्धे दिवे बंद करतात, दर दहा पावलांवर एकच चालू. ताज्या रंगाचा वास, ओल्या काँक्रीटचा वास. माझ्या पाठीमागे नवी दारं फुस्स करून आपोआप बंद होत होती. पहिला टप्पा, दुसरा. विचारायचं, मोजायचं, दाबायचं. तिसऱ्या टप्प्यात मी विचारलं, 'कोणी आहे का?' एक... दोन... तीन... आणि मागून आवाज आला.

'कोणी नाही रे.'

हळूच. कानाशी नाही, वीसेक पावलांवरून, तो नेहमी असायचा तेवढ्याच अंतरावरून. आणि त्या रंगाच्या वासात लवंगेचा वास... मी वळलो नाही. वळायला हवं होतं, पण मान वळेना. बटण दाबलं आणि चालू लागलो. चौथ्या टप्प्यात पुन्हा तेच. दहाव्यापर्यंत तेच. बाहेर येऊन उन्हात बसलो तर दात वाजत होते.

घाबरलो का? घाबरलोच. पण दुसऱ्या सरावाच्या दिवशी मी तासभर आधीच येऊन बसलो होतो, हेही खरं आहे. कोणाला सांगितलं असतं तर डॉक्टरकडे पाठवलं असतं आणि फेरी काढून घेतली असती. मग या घरात दिवसभर भिंतींकडे बघत बसलो असतो. गप्प राहिलो. अकरा सराव झाले. अकराही वेळा प्रत्येक टप्प्यात त्याने उत्तर दिलं.

मग तो दिवस उजाडला. नव्या मशीनमध्ये पहिल्यांदा बीम सोडायचा. तुम्ही होतातच, वरच्या हॉलमध्ये सगळ्यांबरोबर. कंट्रोल रूममध्ये पाहुणे, मोठे साहेब, मशीन बांधणारे इंजिनियर, ज्यांनी तीन वर्षं धड घर पाहिलं नव्हतं. किल्ल्यांचा फळा मी स्वतः मोजला. चाळीसच्या चाळीस जागेवर. तीन वाजता त्यातली एक खिशात घालून खाली उतरलो.

पहिले पाच टप्पे व्यवस्थित. 'कोणी आहे का?' 'कोणी नाही रे.' मला तर त्या दिवशी त्याचा आवाज खुशीतला वाटला. म्हटलं, तुझ्याशिवाय जमलं नाही बघ त्यांना. मोठ्याने म्हणालो तसं.

सहाव्या टप्प्याच्या शेवटी बटणावर हात ठेवला आणि विचारलं, 'कोणी आहे का?'

दहा मोजले. वीस मोजले...

पुन्हा विचारलं.

काहीच नाही. पंख्यांचाही आवाज नाही, ते फेरीला बंद असतात. माझाच श्वास मला ऐकू येत होता. लवंगेचा वास होता. उत्तर मात्र नव्हतं.

आता बघा, क्रेनबाई. नियमाच्या पुस्तकाप्रमाणे ही शांतता म्हणजे आत कोणी नाही, दाबा बटण. आणि आमच्या दोघांच्या हिशेबाने ही शांतता म्हणजे आत कोणीतरी आहे. मी तिथे उभा, बटणावर बोट, आणि डोक्यावरच्या पाटीवर सेकंद उलटे पळतायत. मेलेल्या माणसाचं ऐकायचं, की छापलेल्या पुस्तकाचं?

भिंतीवरचा फोन वाजला. कंट्रोल रूमच्या बाई होत्या. 'काका, सहा नंबर राहिलाय. दीड मिनिट उरलंय. काही अडचण?'

'मला परत जाऊन बघायचंय,' मी म्हणालो.

'काही दिसलं का?'

'नाही.'

'ऐकू आलं?'

'तेच तर... काही ऐकू आलं नाही.'

त्या हळू आवाजात म्हणाल्या, 'काका, सगळे इथे उभे आहेत. तुमची सोडून सगळ्या किल्ल्या जागेवर आहेत. दाबा ना.' मागून मोठ्या साहेबांचा आवाज आला, 'म्हाताऱ्याला झेपत नसेल तर दुसरा पाठवा.' झोंबलं मला ते. बोट बटणावर होतंच, नुसतं टेकवायचं होतं. पण मला ते स्वयंपाकघर दिसलं. फरशीवर पडलेला माणूस, हाका मारणारा, आणि कोणी येत नाही. मी बोट काढून घेतलं. पाटीवर शून्य आलं, लाल दिवे लागले आणि सगळी फेरी बाद झाली.

मी आल्या वाटेने परत गेलो, एकेका चुंबकामागे गुडघे टेकून बघत. मघाशी बघितलेलंच पुन्हा. चराची झाकणं लावलेली होती. एक सोडून. ते नुसतंच वर ठेवलेलं, स्क्रू नसलेलं. मघाशी मी त्यावरूनच चालत गेलो होतो. उचललं, तर खाली केबलींमध्ये एक वेल्डर पडलेला. डोकं फुटलेलं, रक्त सुकलेलं, डोळे उघडे आणि जिवंत.

सकाळी शेवटचा सांधा तपासून तो बाहेर आला होता, किल्लीही अडकवली होती. मग आठवलं की चष्मा आत राहिला. जोडीदार आत जातच होता, हा त्याच्या पाठोपाठ घुसला. एका किल्लीवर दोघं, जुनी सवय. जोडीदाराला वाटलं हा गेला बाहेर. हा उघड्या चरात घसरला. नंतर कोणीतरी चर उघडा दिसला म्हणून आत न बघताच वर झाकण ठेवलं. मी बटण दाबलं असतं, तर त्याच्या घरी दोन मुली वाट बघत राहिल्या असत्या. सही माझी असती.

दवाखान्यात त्याला भेटायला गेलो. डोक्याला पट्ट्या, हात माझ्या हातात घेऊन रडला. मी विचारलं, 'मी हाका मारत होतो, तुला ऐकू आल्या नाहीत?'

'आल्या ना,' तो म्हणाला. 'मी ओरडणारच होतो. पण त्या काकांनी तोंडावर हात ठेवला.'

'कोण काका?'

'तेच, माझ्याजवळ बसले होते ते. लवंग चघळत होते. म्हणाले, गप्प राहा. तू बोललास तर त्याला वाटेल मीच बोललो. गप्प राहिलो तरच तो येईल.'

तो पुढे म्हणाला, 'तुम्ही झाकण उचललंत तेव्हा ते उठले. म्हणाले, चला, मशीन सुरू होणार म्हणजे मलाही बाहेर पडायला हवं.'

त्या संध्याकाळी घरी आलो. या दारात उभा राहिलो. दोन वर्षांनी पहिल्यांदा विचारलं, 'कोणी आहे का?' आणि आतल्या खोलीतून उत्तर आलं, 'कोणी नाही रे.' मी दिवा न लावता तिथेच खुर्चीत बसून रडलो. बरं वाटलं म्हणून रडलो, भीती वाटली म्हणून नाही. त्याला झाले चौदा महिने. रोज विचारतो, रोज उत्तर येतं. मग मी आत जातो, स्वयंपाक करतो, निवांत झोपतो. तुम्ही लोक म्हणता ना, एकटा कसा राहतो हा. तर असा राहतो.

आज तुमच्यासमोर दार उघडलं. विचारलं. तुम्ही हसलात, मी पाहिलं. पण मी दहा मोजत होतो. वीस मोजले... उत्तर आलं नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

तुम्ही म्हणाल, रुसला असेल. निरोपाच्या भाषणात मी त्याचं नाव घेतलं नाही, म्हणून. मलाही तसंच वाटावं अशी फार इच्छा आहे. म्हणूनच एवढं बोलत बसलो, की तेवढ्यात त्याचा राग जाईल.

पण बटण दाबून मोकळं व्हायची सोय इथे नाही. उत्तर आलं नाही तर परत जाऊन बघायचं, ठरलंय. उठा, कुलूप काढतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तीनच टप्पे. मी पुढे चालतो. तुम्ही मागून या आणि हे दार हाताने धरून ठेवा, लागू देऊ नका. प्रत्येक खोलीत मी विचारीन. काहीही झालं तरी तुम्ही बोलू नका... तुम्ही बोललात, तर मला वाटेल तोच बोलला.

थांबा. लवंग आहे का तुमच्या तोंडात?

नाही ना... मग हा वास आतून येत नाहीये. खालच्या पायऱ्यांवरून येतोय, आपल्या पाठीमागून. वळू नका.

दार सोडा तुम्ही. माझ्याजवळ, मधे चाला. दार लावायला मागचा माणूस आलाय. तो इथे बाहेर आहे, क्रेनबाई... म्हणजे आत जो कोणी आहे, तो खर्ज्या नाही.